तारेच्या आतल्या रुक्माक्का

वकिलांच्या खोलीत रुक्माक्कांची शोकसभा झाली, तेव्हा एका वक्त्याने त्या "अत्यंत मृदुभाषी" होत्या असं सांगितलं. मी मागच्या बाकावर होते. शेजारी कोर्टातला एक जुना बेलिफ बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघांनी माना खाली घातल्या. दुसऱ्या वक्त्याने त्यांना "सर्वांना सांभाळून घेणाऱ्या" म्हटलं. तिसरा तर "अजातशत्रू" म्हणाला, आणि मग मात्र मी उठून बाहेर आले.

माणूस मेलं की त्याच्यावर साखर पेरायची ही कुठली रीत आहे, कोण जाणे. या बाईला निम्मं कोर्ट घाबरायचं आणि उरलेलं निम्मं टाळायचं. त्या ओरडत, टेबलावर हात आपटत, मराठीत सुरू झालेली शिवी कन्नडातून नेऊन तेलुगूत संपवत. आणि ज्यांनी शेवटच्या काळात त्यांचं रक्त सर्वांत जास्त आटवलं, त्यांच्यापैकी एकाने त्या सभेला पुण्याहून भला मोठा हार पाठवला होता. तो फोटोवर घातलेला पाहिला तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. अजातशत्रू हे नुसतं निमित्त झालं.

पूर्ण नाव ॲडव्होकेट रुक्मिणी गायकवाड, पण न्यायाधीशांच्या शिपायापासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे रुक्माक्काच म्हणत. ठेंगण्या, भक्कम, सत्तरीला टेकलेल्या. दाढेखाली कायम लवंग. काळा कोट उन्हाने विटून चहाच्या रंगाचा झालेला. सोलापूरच्या उन्हाळ्यात बाकीचे वकील कोट हातावर टाकून हिंडतात. अक्का मात्र तो वरच्या बटणापर्यंत लावून बसायच्या. एकदा मी म्हटलं, काढा की जरा, घामाने भिजलात.

"कोट काढला की मला वकील कोण म्हणनार हाय? आरोपीची आई समजून भाईर बसवतील," त्या म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या.

खांद्याला रेक्झिनची पिशवी असे. तिच्यात खटल्यांचे कागद कमी आणि कडक भाकरी जास्त. सोबत शेंगाचटणीचा डबा. कोर्टाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली आरोपींचे नातेवाईक बसलेले असायचे. सकाळी गावाकडून निघालेले, तोंडं सुकलेली. अक्का त्यांच्यात फतकल मारून बसत आणि भाकरीचे तुकडे वाटत. "खावा आधी. उपाशी मानूस लई खोटं बोलतो. पोट भरल्यावर काय झालं ते खरं सांगा." खाताना कोणी रडायला लागलं की त्या खवळत. रडायचं तर रस्त्यावर जाऊन रडा, हितं मला काम हाय, म्हणत. पण तुकडा पुढे करायच्याच.

त्या कुठल्या जमातीच्या, हे मी लिहिणार नाही, कारण त्या स्वतः कधी सांगत नसत. इंग्रजांनी काही जमाती जन्मतःच गुन्हेगार असा कायदा केला होता. सोलापुरात अशा माणसांना काटेरी तारेच्या आत कोंडून वस्ती वसवली, तिला आजही सेटलमेंट म्हणतात. बाहेर कामाला जायचं तर पास, परत आलं की हजेरी. अक्कांची आजी आणि आई त्या तारेच्या आत राहिल्या. स्वातंत्र्यानंतर तार निघाली आणि मग अक्का जन्मल्या. तरी कोणी जात विचारली की त्या म्हणत, "आमी तारंच्या आतल्या." 

शाळेत गुरुजी हजेरी घ्यायचे तेव्हा ही मुलगी आपलं नाव आलं की उभी राहायची, पण "हजर" म्हणायची नाही. घरात तो शब्द फक्त शिपायासमोर बोलायचा शब्द होता. गुरुजींनी छड्या मारल्या. "हुबी ऱ्हायले की मी. दिसते की तुमाला," एवढंच ती म्हणायची. पुढे वस्तीतली पहिली वकील झाल्यावरही त्या वकिलांच्या सभेत उपस्थितीच्या कागदावर सही करत नसत. अध्यक्ष रागावत. अक्का त्यांच्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसत, म्हणजे दिसायला अडचण नको.

त्यांची वकिली कशी होती, हे सांगायला सलीमभाईंच्या रिक्षाची गोष्ट पुरे आहे. चंदू नावाच्या एका तरुणाने सलीमभाईंच्या रिक्षाची बॅटरी चोरली आणि भंगारात विकली. चोरी खरी होती. चंदूने अक्कांपुढे भाकरी खाऊन कबूलही केली. दुसरा वकील असता तर साक्षीदार फोडायला निघाला असता. अक्का थेट सलीमभाईंच्या दारात गेल्या.

सलीमभाई भडकले. "मेरी बॅटरी गई, मेरा धंदा गया, और तुम उसकू छुडाने आये क्या?"

"त्याला आत घालून तुजी बॅटरी येनार हाय का? सांग की."

"आती नहीं. पर मेरा कलेजा तो ठंडा होता."

"मग तुज्या कलेजाचं बगू. मला दे त्याला. रोज सकाळी तुज्या दारात हुबा करते. रिक्षा धुईल, तुज्या आईला दवाखान्यात न्हेईल, सांगशील ते करंल. एक दिवस चुकला तर मीच जेलात टाकते त्याला."

आणि त्या खरंच रोज सकाळी स्कूटीवरून तिथे जात. स्कूटी त्यांना धड चालवता येत नसे, पाय दोन्हीकडे जमिनीला घासत यायच्या. चंदूला ओरडत, चाकं कोण धुणार, तुजा सासरा? मग सलीमभाईंना ओरडत, पोराला चहा दिला का, का नुसतं राबवतोय? काही महिन्यांनी सलीमभाई कोर्टात उभे राहिले आणि म्हणाले, "साब, मैंने माफ किया. पर इसकू रोज आने दो, गाडी चकाचक रहती." न्यायाधीशही हसले. प्रकरण मिटलं. चंदू पुढे रिक्षाच चालवायला लागला.

असं त्या वर्षानुवर्षं करत होत्या. त्याला काही नाव असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते नाव परदेशातून आलं.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. पुण्याच्या एका संस्थेला परदेशी मदत मिळाली आणि त्यांना सोलापुरात दुभाषी हवी होती, म्हणून मी ते काम धरलं. प्रकल्पाचं नाव लांबलचक होतं. मथितार्थ असा, की छोट्या गुन्ह्यांसाठी माणसं तुरुंगात सडू नयेत, समाजानेच त्यांना सांभाळावं, आणि त्यासाठी लागेल ती मदत बाहेरून यावी. संचालक समीरसर, पस्तिशीचे, सुती कुर्ता, बोलणं गोड. पैसे देणाऱ्यांच्या वतीने इंग्रिडबाई आल्या होत्या, उंच आणि शांत, खरोखर ऐकून घेणाऱ्या. त्यांच्या देशात तुरुंग कसे रिकामे पडत चाललेत ते त्यांनी सांगितलं. वस्तीतल्या वकील म्हणून बैठकीला बोलावलेल्या अक्का डोळे मोठे करून ऐकत होत्या. त्या दिवशी त्या इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. नंतर मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नाही.

तुम्हाला काय हवं, असं इंग्रिडबाईंनी विचारलं.

"एक गाडी द्या आन् दोन मानसं द्या," अक्का म्हणाल्या. "जामिनावर सुटलेला मानूस तारखेला येत न्हाय, मग त्याचं वॉरंट निघतं, मग तो आत जातो. पळून जातो म्हनून न्हाय. तारीख ध्यानात ऱ्हात न्हाय, गाडी चुकते, मालक रजा देत न्हाय. तारखेच्या सकाळी त्याच्या दारात जायचं, उठवायचं, कोर्टात आनून सोडायचं. बास. दुसरं काय नको."

इंग्रिडबाईंनी ते लिहून घेतलं. समीरसरांनी मान डोलावली. गाडी आली. तिच्यावर संस्थेचं नाव रंगवलं, आणि ती समीरसरांना स्टेशनवरून आणायला-सोडायला वापरली जाऊ लागली.

पुढच्या बैठकीत पडद्यावर चित्रं दाखवत समीरसरांनी योजना मांडली. वस्तीतल्या समाजमंदिरात हजेरी केंद्र. जामिनावर असलेल्यांनी रोज संध्याकाळी तिथल्या यंत्रावर अंगठा द्यायचा. पोलीस ठाण्यात जायला नको, अपमान नको, सगळं आपल्याच माणसांत. दुसऱ्या टप्प्यात पायात पट्टी, म्हणजे माणूस कुठे आहे ते बसल्या जागी कळेल आणि त्याला तुरुंगात ठेवायची गरजच उरणार नाही.

अक्का तोंडातली लवंग चावायच्या थांबल्या. त्या माझ्याकडे वळल्या.

"ह्या बाईला सांगा, ती जागा कुटली हाय. तार होती तवा हजेरीचा कट्टा तितंच होता. माजी आजी रोज सांजच्याला तितं अंगठा द्यायची. एकदा तापानं फणफणली हुती म्हनून गेली न्हाय, तर शिपायानं केसाला धरून आनली."

मी सांगितलं.

"केसाला धरून, हे सांगितलं का? साखर घालू नका मधी."

"सांगितलं, अक्का."

इंग्रिडबाईंचा चेहरा उतरला होता. त्या म्हणाल्या, मग जागा बदलूया. समीरसर म्हणाले, दुसऱ्या जागेची परवानगी मिळवायला वेळ लागेल आणि या वर्षाचं काम याच वर्षी दाखवावं लागतं. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं, तेव्हा हे त्यांनी स्वतःच इंग्रिडबाईंना समजावलं.

"मानसं पळतील," अक्का म्हणाल्या.

"कुठे पळतील, अक्का? हे त्यांच्याच भल्याचं आहे."

या एका वाक्याची मला आजही चीड येते. शंभर वर्षांपूर्वी तार ठोकणाराही हेच म्हणाला असणार.

उद्घाटनाला मंडप घातला होता. यंत्राला झेंडूचा हार होता. वस्तीचा पोलिसांवर विश्वास बसावा म्हणून एका पोलीस अधिकाऱ्याला गणवेशात प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. ही कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली ते मला ठाऊक आहे, पण मी नाव घेत नाही. आम्ही पोचलो तेव्हा वस्ती रिकामी होती. चुलींवर भांडी तशीच, दोरीवर ओले कपडे, उघड्या दारातून आतबाहेर करणाऱ्या कोंबड्या. तरणीताठी माणसं सगळी गेली होती, कोणी अक्कलकोटकडे, कोणी मंद्रूपला, जिथे ज्याचे पाहुणे असतील तिथे. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या दारात बसून आमच्याकडे नुसत्या बघत होत्या. समीरसरांनी त्यांनाच खुर्च्यांवर आणून बसवलं आणि फोटो काढले.

पळालेल्यांत दिलीप होता. टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करायचा. त्याच्या घरात महिन्याचा पगार आणणारा तो पहिलाच. वस्तीजवळच्या एका गोदामाचं कुलूप तुटलं, तेव्हा पोलिसांनी सवयीने वस्तीतली पोरं उचलली, त्यांत हा. अक्कांनी त्याला जामिनावर सोडवलं होतं. घरी बायको सुनंदा आणि तान्ही मुलगी. साक्षीपुरावे संपत आले होते आणि तो सुटणार असं अक्का ठामपणे म्हणायच्या. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी त्याची तारीख होती. तो मंद्रूपला मेव्हण्याच्या शेतात दडून बसला होता. हजेरी सुरू झालीय, पोलीस आलेत, एवढंच त्याला माहीत होतं. त्याची तारीख गेली, वॉरंट निघालं. मंद्रूपच्या बाजारात त्याला पकडलं आणि तो तुरुंगात गेला.

माणसं तुरुंगात जाऊ नयेत म्हणून समुद्रापलीकडून आलेल्या मदतीने तुरुंगात घातलेला हा पहिला माणूस.

न्यायाधीश नवे आणि कडक होते. एकदा पळाला तो पुन्हा पळेल, म्हणाले. अक्कांनी कारण सांगितलं. त्यावर त्यांनी विचारलं, हे तुमच्याखेरीज कोणी सांगेल का? प्रश्न रास्त होता. अक्का तिथून तडक संस्थेच्या कार्यालयात आल्या. मी तिथेच होते.

"एक वाक्य लिहून द्या," त्या समीरसरांना म्हणाल्या. "आमच्या कार्यक्रमाला भिऊन वस्ती पळाली, त्यात हा पन पळाला. लई न्हाय मागत. खरं तेवढंच लिवा."

समीरसरांनी पाणी मागवलं. "अक्का, तुमची भावना मी समजू शकतो. पण असं लिहून दिलं तर तिकडे काय संदेश जाईल?"

"तिकडं म्हंजे कुटं?"

"मदत देणाऱ्यांकडे. पूर्ण प्रकल्पच अडचणीत येईल. उद्या अनेकांचं नुकसान होईल."

"आन् दिलीप हितं आत हाय, त्याचं काय?"

"त्याच्यासाठीच सांगतोय. आपण कोर्टाला पट्टीचा प्रस्ताव देऊ. तो स्वखुशीने घालतो म्हणाला तर न्यायाधीश सोडतील. आपलं पहिलं यश असेल ते."

 अक्कांनी न पिता पाण्याचा पेला परत ट्रेमध्ये ठेवला आणि उठल्या. त्यांना न ओरडता खोलीबाहेर जाताना मी प्रथमच पाहत होते. त्यांनी सांगितल्यावरून मी इंग्रिडबाईंना सगळं कळवलं. त्यांचं उत्तर आलं, मन हेलावून गेलंय, आमच्या कायदा विभागाकडे पाठवते आहे. कायदा विभागाचं उत्तर आलंच नाही.

वरच्या कोर्टात जायचा अक्कांचा विचार होता. त्याला वेळ लागणार होता. कारखान्याचा मालक म्हणाला होता की माग फार दिवस रिकामा ठेवता येणार नाही. अक्का दिलीपला भेटायला तुरुंगात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा मी आणि सुनंदा फाटकासमोर उभ्या होतो. सुनंदाच्या कडेवर मुलगी झोपली होती.

"काय म्हनले?" सुनंदाने विचारलं.

"घालतो म्हनला," अक्का म्हणाल्या. "पायात काय, गळ्यात घालतो म्हनला. मला घरी न्या म्हनला."

सुनंदा रडायला लागली. अक्का तिच्यावर खेकसल्या नाहीत. "मी त्याला काय सांगू, बाई?" त्या मला म्हणाल्या. "तत्त्वासाठी आत बस म्हनू? रात्री माजं मी घरात झोपनार, आन् तत्त्वासाठी ह्यानं आत बसायचं?"

अर्ज त्यांनीच लिहिला, त्यांनीच चालवला. कोर्टात त्या शुद्ध मराठी बोलत आणि त्या दिवशीही तशाच बोलल्या, फक्त फार हळू. "आरोपी स्वखुशीने" हे शब्द आले तिथे त्या क्षणभर थांबल्या. न्यायाधीशांना वाटलं कागद सापडत नाहीये. मंजूर झालं.

पट्टी म्हणजे घोट्याला घट्ट बसणारं काळं कडं, त्याला काडेपेटीएवढा डबा. रोज तो चार्ज करावा लागे. वायर आखूड होती. कारखान्यातून आला की दिलीप भिंतीला टेकून बसायचा आणि चार्जिंग होईपर्यंत तिथून हलायचा नाही, दावणीला बांधल्यासारखा. वीज गेली की घरातल्यांचा जीव टांगणीला. मुलगी रांगत येऊन तो लुकलुकणारा दिवा धरायला बघायची. मागाच्या गरमीत पट्टीखाली घाम साचून कातडी सोलवटली. मालक म्हणाला, लांब पँट घालून ये, गिऱ्हाइकाला दिसायला नको. संस्थेच्या पुस्तिकेत मात्र त्याचा हसरा फोटो छापून आला. कुटुंबासोबत, असं खाली लिहिलं होतं.

मग एक दिवस सगळं बंद झालं. पैसे देणाऱ्या देशातलं धोरण बदललं म्हणे. एक मेल आला आणि आठवड्याभरात कार्यालयाला कुलूप लागलं. खुर्च्या गेल्या, गाडी गेली. समाजमंदिरातलं यंत्र तेवढं राहिलं, त्यावर कोणीतरी छत्री अडकवायला लागलं. मलाही घरी बसायला सांगितलं. समीरसरांना दुसऱ्या मोठ्या संस्थेत जागा मिळाली. जाताना त्यांनी सर्वांना भावपूर्ण निरोप पाठवला आणि दिलीपच्या पायाबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

अक्का काही दिवस आजारी होत्या. बऱ्या झाल्यावर मला घेऊन दिलीपकडे गेल्या. तो भिंतीला टेकून बसला होता. पायातली वायर बोर्डात.

"अजून चार्ज करतोस?" अक्कांनी विचारलं.

"व्हय की. चुकवत न्हाय एक दिस पन."

"आरं, बगनारं कोन हाय आता? हापीसला कुलूप हाय. तिकडचं यंतर बंद हाय."

"ते मला काय म्हाईत, अक्का. बंद पडली आन् कुनी आलं म्हंजे?"

 अक्कांनी बोर्डाचं बटण बंद केलं, वायर उपसली आणि दिलीपला दंडाला धरून उठवलं. तो नको नको म्हणत होता. कोर्टाच्या हुकमात लिहिलंय, काढली तर परत आत जाईन, म्हणत होता. त्याचं म्हणणं कायद्याने बरोबर होतं आणि अक्कांना ते त्याच्यापेक्षा चांगलं कळत होतं. काढायची परवानगी मागावी तर संस्था नाही. पोलिसांना त्यांनी आधीच विचारलं होतं, ते म्हणाले, ती वस्तू आमची नाही. आणि पट्टी सांभाळणारी यंत्रणा कोर्टाच्या कागदावर अजून धडधाकट चालू होती. आधी अर्ज करा, मग काढा, असं मीसुद्धा सांगून पाहिलं.

"अर्जाची तारीख पडंपत्तूर ह्यानं भिताडाला बांधून घ्यायचं व्हय?" त्या माझ्यावर ओरडल्या. त्यांचा तो जुना आवाज परत आलेला ऐकून मला बरं वाटलं.

रस्त्यापलीकडे लोखंडी ग्रिल बनवणाऱ्याचं दुकान होतं. त्याने पट्टी पाहून हात जोडले, अक्का, माझ्यावर केस होईल. "मग तू सरक," अक्का म्हणाल्या. त्यांनी त्याच्याकडची मोठी कात्री घेतली. दिलीपने पाय स्टुलावर ठेवला आणि डोळे मिटले. एका झटक्यात होईना. कात्री निसटत होती, तरी अक्का दुसऱ्या कोणाला हात लावू देईनात. शेवटी पट्टी तुटून खाली पडली. घोट्याभोवती पांढुरका, ओलसर वण होता. दुकानदाराने पाणी आणून दिलं आणि दिलीप किती तरी वेळ पाय धूत राहिला.

अक्कांनी पट्टी भाकरीच्या पिशवीत टाकली आणि आम्ही तिघं तसेच कोर्टात गेलो. दुपारचं कामकाज सुरू होतं. पुकारा होण्याची वाट न पाहता त्या पुढे गेल्या आणि ती तुटकी पट्टी न्यायाधीशांसमोरच्या टेबलावर ठेवली.

"ही मी तोडली. आरोपीनं नाही. माझ्या हातानं. कोर्टाचा हुकूम मोडला आहे, त्याची जी शिक्षा असेल ती मला द्यावी."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तुम्ही ज्येष्ठ वकील आहात. परवानगी का घेतली नाहीत?"

"कोणाकडून घ्यायची ते न्यायालयानं सांगावं. मी आत्ता जाऊन घेऊन येते."

"हे सांभाळणारी संस्था आहे."

"होती. जे हे लावून गेले ते निघून गेले. जाताना खुर्च्या नेल्या, पंखे नेले. एवढं विसरले." त्यांनी पट्टीकडे बोट केलं. "आणि हा माणूस, ज्याला पळपुटा म्हणून आत ठेवलं होतं, तो हे कोणी बघत नसताना रोज चार्ज करत बसला होता. आता न्यायालयानं ठरवावं पळालं कोण."

 टंकलेखक की-बोर्डवर बोटं ठेवून थांबला होता. न्यायाधीशांनी दिलीपला जवळ बोलावलं आणि पाय दाखवायला सांगितलं. त्याने पँट वर केली. त्यांनी पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि पट्टीची अट रद्द केल्याचं टंकलेखकाला सांगायला सुरुवात केली. अक्कांना त्यांनी समज दिली, पुन्हा असं करू नका. अक्कांनी मान हलवली नाही, पण उलट बोलल्याही नाहीत. त्यांच्या मानाने हे फार झालं.

खटल्यातून दिलीप पूर्ण सुटला, पण तो निकाल ऐकायला अक्का राहिल्या नाहीत. त्याआधीच हृदयविकाराने गेल्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पट्टी तोडली त्याच दिवशी, कोर्टाच्या पायऱ्यांवर. ऊन रणरणत होतं. कोट वरपर्यंत लावलेला, पिशवी खांद्याला. दिलीप त्यांच्या पुढे पायऱ्या उतरत होता, एक पाय जपून, फरफटत टाकत होता.

"आरं, नीट चाल की," अक्का मागून ओरडल्या. "काय न्हाय आता पायात."

तो थांबला. पायाकडे बघितलं, व्हय म्हणाला, आणि पुन्हा तसाच पाय ओढत उतरायला लागला.